चौदा मंत्री आणि कुंपणाबाहेरचा मराठवाडा

औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पोरं देशाचं पहिलं मंत्रिमंडळ पाठ करत असतात. गृह पटेल, शिक्षण आझाद, आरोग्य अमृत कौर, संरक्षण बलदेव सिंग. नेहरूंसह नावं चौदा. त्यातले दोघे मराठी: विधी खात्याचे बाबासाहेब आंबेडकर आणि काकासाहेब गाडगीळ. १५ ऑगस्ट १९४७ ला हे मंत्री शपथ घेत होते, तेव्हा औरंगाबाद भारतात नव्हतं, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, हे मात्र गाईडात सापडत नाही. त्याच दिवशी तिरंगा फडकावून हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या कैदेत गेले.

सप्टेंबर १९४६ पासून दिल्लीत हंगामी सरकार होतं. ऑक्टोबरात मुस्लिम लीग त्यात आली आणि अर्थखातं लियाकत अलींकडे गेलं; पुढे घरात रोजची भांडणं. फाळणीनंतर नवी मांडणी करताना काँग्रेसने विरोधकांनाही आत घेतलं: श्यामाप्रसाद मुखर्जी, षण्मुखम चेट्टी, आंबेडकर. बाबासाहेब संविधान सभेत आधी बंगालमधून निवडून आले होते. फाळणीत ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून ते पुन्हा आले.

आपल्यासाठी मोलाचं खातं वेगळंच: जुलै १९४७ मध्ये उघडलेलं, पटेलांच्या हातातलं संस्थान खातं. नोव्हेंबरात निजामाशी 'जैसे थे' करार झाला, इकडे रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, धुमाकूळ वाढतच गेला. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. फौज लष्कराची, पण सरकारी नाव 'पोलीस कारवाई'. आमची म्हातारी माणसं अजून 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. त्यानंतर अनेक गावांत मुसलमानांवर जे बेतलं, त्याच्या चौकशीला पंडित सुंदरलाल यांची समिती आली. तिचा अहवाल कित्येक दशकं दडूनच होता.

१ सप्टेंबर १९५१ ला त्या चौदांतले दोघे औरंगाबादेत एकत्र आले. मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसवली राजेंद्रप्रसादांनी. १९४७ चे अन्नमंत्री आता राष्ट्रपती होते. शेजारी बाबासाहेब, अजून कायदामंत्री. त्याच महिनाअखेरीस त्यांनी राजीनामा दिला.

आपलं स्वतःचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ मात्र मार्च १९५२ मध्ये मिळालं. हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री बुरगुल रामकृष्ण राव, गृहखातं मराठवाड्याच्या दिगंबरराव बिंदूंकडे. साडेचार वर्षांत ते राज्यच मोडलं. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात.