एडीएचडी आणि लेखन

एडीएचडी (अवधान-न्यूनता अतिचंचलता विकार) ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. लक्ष टिकवणे, आवेग आवरणे, वेळेचा अंदाज बांधणे या गोष्टी तिच्यामुळे अवघड होतात. डीएसएम-५ (२०१३) या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. म्हणून चाळिशीत तपासणीला गेलेल्या लेखकालाही शाळेच्या दिवसांविषयी विचारले जाते. यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. आळस किंवा वळण नसणे हे तिचे कारण नव्हे.

लिहिताना चालू वाक्य, पात्राचे मागचे बोलणे आणि पुढचा प्रसंग एकाच वेळी मनात धरावा लागतो. हे काम कार्यस्मृतीचे, आणि एडीएचडीमध्ये बऱ्याच जणांची तीच अपुरी पडते. पहिली पाने झपाट्याने उतरतात, मधला भाग रखडतो, मुद्रिते तपासायचे जिवावर येते. लोक याला बेफिकिरी म्हणतात. ते ऐकून लेखकही स्वतःला तसेच समजू लागतो, आणि ही इजा मूळ अडचणीहून खोल असते.

याच माणसाला विषय भिडला तर तो तहानभूक विसरून तासन्‌तास लिहितो. मात्र अशी तंद्री हुकमी लागत नाही. होली व्हाइट आणि प्रीती शाह या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या अभ्यासात एडीएचडी असलेले तरुण नव्या, अनपेक्षित कल्पना सुचण्यात सरस ठरले. विखुरलेल्या शब्दांना जोडणारा एकच शब्द शोधताना मागे पडले. पुढच्या संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. एडीएचडी म्हणजे प्रतिभेची खूण, असे मानणे चूकच.

गोव्यातील मराठी लेखनाच्या काही रूढ वाटा अशा लेखकाला सोयीच्या आहेत. देवळाच्या उत्सवातील नाटकाचा दिवस तिथीने ठरलेला असतो. संहिता गावातल्याच कोणाची असेल, तर तालमीला जमलेली मंडळी पुढच्या प्रवेशाची वाट पाहत असतात, आणि लेखणी हलते. ‘गोमन्तक’ (१९६२) किंवा ‘नवप्रभा’ (१९७०) सारख्या दैनिकांतील सदरालाही ठरलेला दिवस आणि मोजकी जागा असते. कादंबरीची मात्र कोणी रोज विचारपूस करत नाही; तिथे एखाद्या मित्राला दर आठवड्याला पाने दाखवण्याचा वायदा उपयोगी पडतो. घरी कोंकणी बोलणाऱ्याने प्रसंग आधी कोंकणीतच बोलून फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि मग मराठीत उतरवावा, म्हणजे सुचलेले निसटत नाही.

एडीएचडीचे निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच व्हावे. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी (इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्री अँड ह्यूमन बिहेवियर) ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. मिथाइलफेनिडेट, अ‍ॅटोमोक्सेटिन ही औषधे आणि वर्तनोपचार यांनी अनेकांना फरक पडतो. औषधाने कल्पनाशक्ती आटेल या भीतीने काही लेखक उपचार टाळतात. ही शंका डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावी, कारण मात्रा कमी-जास्त करता येते आणि औषधही बदलता येते.