हळदीच्या पेठेतला दिवाणी वकील

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले. सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांची कित्येक दशकांची मागणी त्यामुळे पुरी झाली. पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, हे खरेच. पण व्यापारी दावे चालवणाऱ्या वकिलाचा लाभ वेगळा आहे. जिल्ह्यात उभे केलेले प्रकरण अपिलात गेले की कागदांचा गठ्ठा मुंबईच्या वकिलाकडे जायचा. आता तो स्वतःच्या टेबलावर ठेवता येतो. सातारा-सांगलीची ही व्यापारी वकिली घडली मात्र दोन वेगळ्या तालमींत.

सातारा १८४८ साली खालसा झाले आणि तिथे ब्रिटिश कोर्टे आली. सांगलीत पटवर्धनांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, कोर्टेही संस्थानचीच. विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला. सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले.

साताऱ्याची तालीम सावकारी कर्जाची. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, आणि १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. नुसता रोखा, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, पुढे करून हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निवाडा) मिळण्याचे दिवस संपले. न्यायाधीशाने व्यवहाराच्या मुळापासून हिशेब उकलायचा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळे काढायचे. दाव्याआधी कन्सिलिएटर म्हणजे समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे समेटाचा प्रयत्न करून त्याचा दाखलाही आणावा लागे. या कायद्याच्या अंमलावर देखरेख करणाऱ्या विशेष न्यायाधीशाचे काम पुढे न्या. महादेव गोविंद रानडे यांनीही केले. वकिलाला मोडीतली खतावणी, म्हणजे खातेवार हिशेबाची वही, वाचता येणे अर्थातच भाग पडले.

सांगलीची तालीम हळदीची. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोरड्या खोल खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षे टिके आणि वर पेठेत तिचे सौदे चालत. सांगली हळदीच्या वायदेबाजारासाठीही प्रसिद्ध होती. भाव फिरला आणि पैसे अडकले की प्रतिवादीचा ठरलेला बचाव असे: हा सौदा नव्हताच, सट्टा होता. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेच्या कराराची वसुली कोर्टातून होत नाही. जुन्या मुंबई इलाख्यातला १८६५ चा कायदा तर याहून कडक. पैजेला पूरक असलेले व्यवहारही त्याने निरर्थक ठरवले. सगळा वाद एका प्रश्नावर येई: माल ताब्यात द्यायचा-घ्यायचा इरादा होता, की दोघांना फक्त भावातला फरकच हवा होता? आणि हे खतावणीवरून तरी कसे सांगणार? पुरावा कायद्याच्या कलम ३४ ने वहीतली नोंद ग्राह्य धरली, पण केवळ तिच्यावर देणे लादायला मनाई केली. म्हणून पट्टी (मालविक्रीचा हिशेब), तोलाईच्या चिठ्ठ्या, वाहतुकीच्या पावत्या जमवायच्या. माझ्या मते सांगलीच्या दिवाणी वकिलाचे खरे शिक्षण इथे झाले, लॉ कॉलेजात फारसे नाही. २००५ च्या महापुरात कित्येक पेवे गेली. माल शीतगृहांत आणि गोदामांत गेला, तसे तारणाचे आणि विम्याचे कागद फायलीत वाढले.

सहकाराने मात्र या वकिलाचे बरेच काम दुसरीकडे नेले. साखर कारखाना किंवा पतसंस्था आणि सभासद यांच्यातले अनेक वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. न वटलेल्या धनादेशाची तक्रार १९८९ पासून फौजदारी कोर्टात होऊ लागली, आणि व्यापाऱ्यांना ती दाव्यापेक्षा धाक घालणारी वाटते.

२०१५ च्या वाणिज्यिक न्यायालये कायद्याचा जिल्ह्याच्या गावी सुरुवातीला फारसा उपयोग नव्हता, कारण दाव्याच्या रकमेची किमान मर्यादा एक कोटीची होती. २०१८ मध्ये ती तीन लाखांवर आली आणि पेठेतली साधी उधारीही त्यात बसू लागली. त्याच दुरुस्तीने कलम १२अ आणले: तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती सक्तीची असल्याचे ठरवले. साताऱ्याच्या जुन्या कन्सिलिएटरची आठवण यावी असाच हा प्रकार, फक्त तेव्हा संरक्षण ऋणको शेतकऱ्याला होते आणि आता दोन्ही बाजूंना व्यापारी आहेत.

या वाणिज्यिक कायद्यात प्रतिवादीला कैफियतीसाठी, म्हणजे लेखी उत्तरासाठी, समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात. ते उलटले की कैफियत देण्याचा हक्कच संपतो, तारखा घेत बसायची सोय नाही. वादीलाही आपल्याकडचे कागद दाव्यासोबतच द्यावे लागतात. त्यामुळे वकिलाकडे येताना व्यापाऱ्याला आता जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिले, व्हॉट्सॲपवरचे भावाचे निरोप आणि बँकेचे उतारे एकदमच आणायला सांगितले जाते.