स्वायत्त सॉफ्टवेअर एजंटांच्या पथकांचे समन्वयन

बदलत्या परिस्थितीत स्वतः निर्णय घेणाऱ्या अनेक प्रोग्रॅमांनी एकच उद्दिष्ट मिळून गाठावे, यासाठी विकसित झालेल्या पद्धतींचा हा अभ्यास आहे. अशा प्रोग्रॅमाला एजंट म्हणतात. प्रत्येक एजंटाला परिस्थितीचा एखादाच भाग दिसतो, तोही काम चालू असताना बदलतो आणि आखलेली योजना निरुपयोगी झाल्याचे सर्वांना एकाच वेळी कळत नाही. खरी अडचण येथे आहे.

कामवाटपासाठी रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेला कॉन्ट्रॅक्ट नेट प्रोटोकॉल प्रसिद्ध आहे. एक एजंट काम जाहीर करतो, इतर आपली क्षमता पाहून बोली लावतात आणि सरस बोलीला काम मिळते. मात्र काम कोणी करायचे एवढेच त्यातून ठरते. पुढील जबाबदारी फिलिप कोहेन आणि हेक्टर लेव्हेक यांच्या संयुक्त हेतूच्या सिद्धांताने स्पष्ट केली: उद्दिष्ट साध्य झाले, अशक्य ठरले किंवा गैरलागू झाले असे एका सदस्याला कळले, तर त्याने काम सोडून देणे पुरेसे नाही, ते पथकातील सर्वांना कळवणेही त्याच्यावर बंधनकारक आहे.

मिलिंद तांबे यांनी १९९७ मध्ये स्टीम हे प्रारूप मांडताना दिलेले उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. युद्धसरावाच्या संगणकीय सदृशीकरणात हेलिकॉप्टरांची तुकडी ठरलेल्या जागी थांबली आणि टेहळणीसाठी पुढे गेलेले हेलिकॉप्टर डोंगरउतारावर आदळले; बाकीची हेलिकॉप्टरे त्याच्या संदेशाची वाट पाहत तिथेच थांबून राहिली. वाट पाहण्याचा नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता, पण संदेश देणाराच उरला नाही तर त्याची भूमिका कोणी घ्यायची, हे त्यांना शिकवलेले नव्हते. स्टीममध्ये अशी रिकामी भूमिका दुसऱ्याकडे सोपवता येते. शिवाय संदेशाचा खर्च आणि न कळवल्याने होणारे नुकसान यांची तुलना करून एजंट कळवायचे की नाही ते ठरवतो.

सर्व शक्यता गृहीत धरून सर्वोत्तम संयुक्त धोरण आधीच काढून ठेवणे व्यवहारात बहुधा अशक्य असते. डॅनियल बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे, अपुरी माहिती असलेल्या अवघ्या दोन एजंटांसाठीही ही समस्या अत्यंत जटिल वर्गात मोडते. म्हणूनच प्रत्यक्ष चाचण्यांना महत्त्व आले. नागोया येथे १९९७ मध्ये रोबोकप ही यंत्रमानवांची फुटबॉल स्पर्धा प्रथम झाली, तर १९९५ च्या कोबे भूकंपाच्या अनुभवातून तिची बचावकार्य शाखा पुढे आली. आधी कोणताही करार न झालेल्या अनोळखी एजंटांनी ऐनवेळी एकत्र काम कसे करावे, हा प्रश्न २०१० पासून स्वतंत्रपणे अभ्यासला जात आहे.