एक पोर्ट आणि बिब्ब्याची खूण

वडोदऱ्यात दांडिया बाजारात माझ्या आतेभावाची शिकवणी आहे. वर्गातल्या मुलांचे मोबाइल आणि घरचा हिशेबाचा संगणक एकाच नेटवर आहेत हे लक्षात आलं, तेव्हा त्याने माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला. म्हणाला, "याचाच फायरवॉल करून दे." संगणकाला नेटवर्क पोर्ट मात्र एकच.

फायरवॉल म्हणजे वाड्याची देवडी: नेटवरून येणारं-जाणारं तपासून आत-बाहेर सोडणारा पहारा. संगणकाला स्वतःपुरता पहारा करायचा असेल तर एक पोर्ट भरपूर झाला. विंडोज एक्सपीच्या २००४ सालच्या सर्व्हिस पॅक २ पासून तसा फायरवॉल मुळातच चालू असतो. पण इतरांची रहदारी तपासायची, तर ती देवडीतूनच गेली पाहिजे.

आधी सुचते ती युक्ती अशी, की त्या एका पोर्टला दोन आयपी पत्ते द्यायचे आणि सगळ्यांना तोच गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, सांगायचा. चालतं, पण फसवं असतं. तार सगळ्यांची एकच, त्यामुळे राउटरचा पत्ता ज्याला ठाऊक तो गेटवे बदलून थेट बाहेर पडतो. देवडी आहे, भिंतच नाही! त्यातून सगळे एकाच सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटात असतील, तर लिनक्स (त्या जुन्या संगणकावर घातलेली प्रणाली) आपणहून मुलांच्या मोबाइलला कळवतो, "माझ्याकडून कशाला जाता, राउटर तुमच्या शेजारीच आहे." याला आयसीएमपी रीडायरेक्ट म्हणतात. पहारेकऱ्यानेच चोरवाट दाखवावी तसं हे.

भिंत उभी राहते व्हीलॅनमुळे, म्हणजे एकाच तारेवर वेगळ्या ठेवलेल्या आभासी नेटवर्कमुळे. पूर्वी धोबी बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करत. दहा घरांचे कपडे एका गाठोड्यात गेले तरी ज्याचे त्याला मिळत. १९९८ साली आलेलं ८०२.१क्यू हे मानक हेच करतं. इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्यात, ४ बाइटची खूण घालतात आणि त्यातले १२ बिट म्हणजे व्हीलॅनचा क्रमांक. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात, पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. आम्हाला तीन पुरले.

खूण घालणारा आणि पुसणारा असतो स्विच, म्हणजे सगळ्या तारा जोडणारी पेटी, तोही मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा; साध्या स्विचचं हे काम नव्हे. राउटरला १०, घराला २०, शिकवणीच्या वाय-फायला ३०. या तिघांना खुणेचा पत्ताही लागत नाही. फायरवॉलच्या तारेवरून मात्र तिन्ही खुणा एकत्र धावतात आणि लिनक्स त्या एका कार्डाची तीन आभासी कार्डं करतो. मग नियम: आधी सगळं बंद. ३० वरून १० कडे जाऊ द्या, २० कडे नको. बाहेर गेलेल्या विनंतीचं उत्तर परत येऊ द्या (हा नियम विसरला, की नेट "बंद पडतं"). राउटरचं स्वतःचं वाय-फाय बंद करायचं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. स्विचच्या सेटिंगचं पानही फक्त २० वरूनच उघडलं पाहिजे. शिकवणीत एखादा चलाख असतोच.

वेगाची काळजी आतेभावाला होती. प्रत्येक पॅकेट त्याच तारेवरून आत येतं आणि त्याच तारेवरून बाहेर जातं, म्हणून डाउनलोड आणि अपलोड मिळून १ गिगाबिटमध्ये बसवावं लागतं. त्याचं कनेक्शन १०० मेगाबिटचं, तेव्हा तो प्रश्नच नव्हता.

घोळ माझ्याकडून झाला. वरच्या मजल्यावर लॅपटॉपवरून "सगळं बंद" हा नियम आधी लावला, आणि माझंच कनेक्शन तुटलं. मॉनिटर उचलून जिना उतरताना आत्याने विचारलं, "आता हे कुठे घेऊन चाललास रे?"