पार्श्वभूमी : आपला माल शेवटी कुठं जातो?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांना, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांना, युरोपातली गिऱ्हाइकं हल्ली लांबलचक प्रश्नावल्या पाठवतात. कामगारांचं वय काय, ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का, वापरून झालेली वाळू कुठं टाकता? जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा (आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडं मानवी हक्क पाळले जातात का, हे कंपन्यांनी बघावं असा) लागू झाला, हे त्यामागचं एक मोठं कारण. अशा चौकशीचं मी स्वागतच करतो. पण ती एकाच दिशेनं चालते. माल घेणारा आम्हाला विचारतो, तुम्ही माल कसा बनवता? आम्ही त्याला विचारत नाही, तुम्ही तो पुढं कुणाला देता? जुलमी सरकारांशी व्यापार करावा की नाही, हा वाद सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या मुळाशी हाच दुसरा प्रश्न आहे.

सुरुवात साखरेपासून झाली. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला. तेव्हा तिथल्या सामान्य घरांनी वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या हातची साखर खाणं सोडलं. त्या काळच्या अंदाजानुसार असे सुमारे ३ लाख लोक होते. त्यात बायकांचा वाटा मोठा होता. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण घरात काय शिजायचं हे त्या ठरवत. पुढं १८२० च्या दशकात ही चळवळ पुन्हा पेटली, तेव्हा ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली’ असं लिहिलेली साखरदाणी टेबलावर ठेवायची पद्धत पडली. उसाच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वाचताना अभिमान वाटतो आणि लगेच ठेचही लागते. ती ‘स्वच्छ’ साखर ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यातून जात होती. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली, तरी याच कंपनीनं शेतसाऱ्याची वसुली थांबवली नव्हती. एका जुलमाकडं पाठ फिरवताना गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं होतं. तरीही त्या बायकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना जे दिसलं, त्यावर त्या वागल्या.

कधी व्यापारी सत्तेला शरण जातो, कधी सत्ता व्यापाऱ्यासाठी धावून येते. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलेल्या बहुतेक कोल्हापूरकरांनी थिबा राजवाडा पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, राजा थिबा इथं का आणला गेला? बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाच्या कंपनीनं तोड कमी दाखवली, असा ठपका ठेवून १८८५ मध्ये ब्रह्मी दरबारानं तिला जबर दंड केला. ब्रिटिशांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये मंडाले पडलं, आणि थिबा रत्नागिरीत ३० वर्षं काढून १९१६ साली तिथंच वारला.

या सगळ्या इतिहासात मला सर्वात जवळचा वाटतो तो एक कारकून. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत नोकरीला होता. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या आफ्रिकेतल्या काँगोची वाहतूक याच कंपनीकडं होती. अँटवर्पच्या बंदरात मोरेल मालाच्या नोंदी बघायचा. येताना जहाजं रबर आणि हस्तिदंतानं भरलेली असत. जाताना मात्र त्यांत बंदुका, काडतुसं आणि शिपाई. विक्रीचा माल जवळजवळ नाहीच. मालाची चलनं हाताळलेल्या कुणालाही यातली मेख कळेल: माल येतोय आणि त्याची किंमत जात नाही, म्हणजे तो बंदुकीच्या धाकानं काढला जातोय. मोरेलनं १९०१ मध्ये नोकरी सोडली, १९०४ मध्ये काँगो सुधारणा संघटना उभी केली, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. बेल्जियम सरकारचं राज्य त्यानंतरही तिथं राहिलंच.

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीवर बहिष्कार टाकण्याचं पहिलं पाऊल आपल्या देशानं टाकलं, हे आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. तिथल्या हिंदी लोकांच्या जमिनीच्या हक्कांवर गदा आणणारा कायदा झाला, तेव्हा जुलै १९४६ मध्ये भारतानं त्या देशाशी व्यापार बंद केला. स्वातंत्र्य अजून वर्षभर लांब होतं. आपल्या निर्यातीचा साधारण साडेपाच टक्के हिस्सा तिकडं जात होता, आणि तो सोडला. ही बंदी १९९३ पर्यंत टिकली.

‘बहिष्काराचा मार गरिबालाच बसतो’ हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. आपल्या विदेशी कापडाच्या बहिष्कारानं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांतले मजूर बेकार झाले. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी त्यांना भेटायला मुद्दाम तिथल्या डार्वेन गावी गेले. पण दक्षिण आफ्रिकेच्या वेळी एक गोष्ट स्पष्ट होती. १९५९ मध्ये तिथल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनीच जगाला बहिष्काराची हाक दिली. ज्यांच्या ताटातलं कमी होणार होतं, तेच म्हणत होते, थांबा, घेऊ नका. मला वाटतं, या वादात सर्वात आधी ऐकायचा आवाज तोच.

कंपन्या मात्र मधला रस्ता शोधत राहिल्या. १९७० मध्ये झटपट फोटोचे कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइड कंपनीच्या अमेरिकेतल्या कारखान्यात कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेसाठीच्या ओळखपत्राचा नमुना दिसला. तिथं काळ्या माणसाला पासबुक बाळगल्याशिवाय हिंडता येत नसे, आणि आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर त्या पासबुकाचे फोटो निघतात हे या दोघांच्या ध्यानात आलं. त्यांनी आवाज उठवला. कंपनीनं १९७१ मध्ये जाहीर केलं, की सरकारला माल विकणार नाही, काळ्या कामगारांचे पगार वाढवू, शिक्षणाला पैसे देऊ. हंटर यांना मात्र कामावरून काढलं. १९७७ मध्ये उघड झालं, की तिथला वितरक गुपचूप सरकारला माल देतच होता. मग पोलरॉइड बाहेर पडली. त्याच वर्षी लिऑन सलिव्हन या धर्मोपदेशकानं तिथं धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांसाठी समान वागणुकीची आचारसंहिता लिहिली. ते जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर होते. दहा वर्षांनी त्यांनी स्वतःच सांगितलं, की हे पुरेसं नाही, कंपन्यांनी निघून यावं.

डब्लिनमधल्या एका दुकानातली तरुण कॅशियर मेरी मॅनिंग हिनं जुलै १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेची दोन ग्रेपफ्रूट बिलात घ्यायला नकार दिला. तिला निलंबित केलं, सहकारी संपावर गेले, आणि १९८७ मध्ये आयर्लंडनं तिथल्या फळं-भाज्यांची आयातच बंद केली.

आज हा प्रश्न आपल्या पापडाच्या पिठापर्यंत आलेला आहे. आपल्याकडं आयात होणारा बहुतेक उडीद म्यानमारमधून येतो. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथं लष्करानं सत्ता बळकावली. त्याच वर्षी जूनमध्ये भारतानं पाच वर्षांसाठी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिथून घेण्याचा करार केला. हे चूक आहे का? माझं मत: डाळ आणि तिथला नैसर्गिक वायू, म्हणजे गॅस, एका तागडीत तोलू नयेत. उडदाचा पैसा वाटेत कितीही गळला तरी शेतकऱ्यापर्यंत काही पोचतो. गॅसचा पैसा म्यानमारच्या सरकारी तेल-वायू कंपनीमार्फत थेट लष्कराच्या तिजोरीत जातो. तिथल्या श्वे वायुक्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांचा अनुक्रमे १७ आणि ८.५ टक्के वाटा आहे. फ्रान्सची तेल कंपनी टोटल जानेवारी २०२२ मध्ये तिथून निघण्याचं जाहीर करून बाहेर पडली, तेव्हा तिचा तिथल्या यादाना वायू प्रकल्पातला वाटा उरलेल्या भागीदारांत विनामोबदला वाटला गेला, आणि त्यातला काही म्यानमारच्या त्याच सरकारी कंपनीला मिळाला. निघून जाणंही इतकं सोपं नसतं.

२०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी व्यवसाय आणि मानवी हक्कांची तत्त्वं मान्य केली. त्यात कंपनीनं आपल्या मालाच्या वापरातून होणारं नुकसानही पाहावं, असं आहे. जर्मन कायदा मात्र मुख्यतः माल येतो त्या बाजूला बघतो, जातो त्या बाजूला नाही. आपल्याकडं लष्करी वापर होऊ शकणाऱ्या वस्तूंची ‘स्कोमेट’ यादी आहे. त्या वस्तू निर्यात करायला परवाना लागतो. पण ती निर्यातदाराची जबाबदारी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून भाग बनवून देणाऱ्या जॉबवर्कवाल्यापर्यंत ती क्वचितच येते.

माझ्या मामांचं तिथं छोटं मशीन शॉप आहे. ड्रॉइंगवर फक्त पार्ट नंबर असतो. पूर्वी मी विचारलं, की म्हणायचे, “आपण बोअर मारून देतोय, पुढं त्याचं काय करत्यात ते पार्टीला ठावं.” मोरेलची गोष्ट त्यांना एका रविवारी सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी कोटेशनचं पॅड छापायला टाकलं, तेव्हा तळाशी एक ओळ वाढवली: ‘पार्ट कशात बसणार आहे, ते कळवावे.’ दोन पार्ट्यांनी ट्रॅक्टर आणि पंप असं लिहून पाठवलं. एकानं फोन करून विचारलं, हे कशाला पाहिजे. मामांनी त्याला सांगितलं, “कळल्याशिवाय मशीनवर चढवणार न्हाई.”