चाळिशीत सुरू झालेली धडधड म्हणजे टेन्शनच?

‘हृदयात जन्मजात जादा वायरिंग असती तर लहानपणीच त्रास झाला असता, चाळिशीत सुरू झाली म्हणजे टेन्शन,’ हा समज चुकीचा आहे. ही जादा वाट जन्मापासून असली, तरी धडधडीचा झटका यायला एखादा अवेळी ठोका नेमक्या क्षणी पडून विद्युतप्रवाह गोल फिरत राहावा लागतो. तो योग कित्येक वर्षे येत नाही.

कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) आणि जवनिका (खालचे कप्पे) यांना जोडणारी जादा वाट असेल (डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट हा विकार, त्यातलाच), तर त्रास सरासरीने लवकर, बहुधा विशीपर्यंत दिसतो. एव्ही नोडमध्येच (कर्णिकांकडून जवनिकांकडे विद्युतप्रवाह नेणारा नेहमीचा सांधा) दोन वाटा असतील, तर साधारण तिशीत किंवा पुढे. हा प्रकार स्त्रियांत जास्त. पण दोन्ही गटांची वये इतकी एकमेकांत मिसळतात की एका रुग्णाच्या वयावरून प्रकार ठरवणे म्हणजे निव्वळ अंदाज. एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची अनियमित थरथर) मात्र वयाबरोबर स्पष्टपणे वाढते.

वयापेक्षा झटक्याची तऱ्हा विचारा. बटण दाबल्यासारखी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी, मिनिटाला १५० ते २२० ठोक्यांची नियमित धडधड, त्यात मानेत ठोके जाणवणे: हे एसव्हीटीकडे (अशा जादा वाटांमुळे येणाऱ्या जलद धडधडीकडे) बोट दाखवते. काळजीने वाढलेला वेग हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो.

झटका ओसरल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटका नाही. फक्त उलट दिशेने, म्हणजे जवनिकेकडून कर्णिकेकडे, वाहणारी जादा वाट त्यात दिसतच नाही. धडधड चालू असतानाच बारा लीडचा ईसीजी मिळवा आणि पट्टी जपून ठेवा. छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा.