फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ

फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ हे फ्रान्सच्या ईशान्येकडील म्यूझ विभागातले, व्हर्दाँ शहराजवळचे एक कम्यून, म्हणजे फ्रान्सच्या स्थानिक कारभारातले सर्वांत लहान एकक. त्याची अधिकृत लोकसंख्या शून्य आहे. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात; जिथे संध्याकाळी दिवा लावायला कोणी उरले नाही असे गाव. फरक एवढाच की या बेचिराग गावाला आजही मेअर आहे.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इथे ४२२ माणसे राहत. शेती आणि लाकूडकाम हे त्यांचे मुख्य व्यवसाय. गावात शाळा होती, चर्च होते, जवळ रेल्वे स्थानक होते. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मन तोफांचा भडिमार होऊन व्हर्दाँची लढाई सुरू झाली आणि गावकऱ्यांना घरे सोडावी लागली. ती तात्पुरती सोडतो आहोत, असेच त्यांना वाटले असणार.

गावाचा घात त्याच्या जागेने केला. दुओमाँ आणि सुव्हील या दोन किल्ल्यांच्या मधल्या उंचवट्यावर ते वसलेले होते. दुओमाँचा किल्ला जर्मनांनी फेब्रुवारीतच घेतला होता. सुव्हील पडला असता तर व्हर्दाँची वाट मोकळी झाली असती. म्हणून जूनमध्ये विषारी वायूच्या तोफगोळ्यांचा मारा करून जर्मन फौजा फ्लरीत घुसल्या. जून ते ऑगस्ट या काळात गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेले. ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी ते कायमचे परत मिळवले, तेव्हा तिथे एक भिंतही उभी नव्हती.

युद्धानंतर लोकांना परतू दिले गेले नाही. न फुटलेले तोफगोळे, विषारलेली माती आणि जागोजाग पुरलेले मृतदेह यांमुळे हा सारा टापू ‘लाल पट्टा’ ठरवून सरकारने ताब्यात घेतला आणि त्यावर पाइनची लागवड केली. पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली जमीन अशी जंगलाखाली गेली.

मात्र गाव कागदावरून पुसायचे नाही, असे फ्रान्सने ठरवले. ‘फ्रान्ससाठी मृत’ हा सैनिकांना मिळणारा सन्मान गावालाच देण्यात आला. मतदार नसल्याने निवडणूक होत नाही. सरकारचा प्रतिनिधी असलेला प्रीफेक्ट तीन सदस्यांची समिती नेमतो आणि तिचा अध्यक्ष मेअरचे काम पाहतो. व्हर्दाँ परिसरात नऊ गावे उद्ध्वस्त झाली. त्यांपैकी बेझोंव्हो, बोमाँ, क्युमिएर, ओमाँ, लुव्हमाँ आणि फ्लरी या सहा गावांत आजही कोणी राहत नाही. दुओमाँ, व्हो आणि ओर्न इथे मात्र थोडी वस्ती परतली. शिरगणतीच्या तक्त्यात सहा गावांपुढचे शून्य रिकाम्या रकान्यासारखे दिसते, पण ते जपून ठेवलेले शून्य आहे.

आज फ्लरीत तोफगोळ्यांच्या खड्ड्यांवर गवत उगवले आहे. त्यांतून पायवाटा जातात आणि बेकरी कुठे होती, शाळा कुठे, लोहाराचे दुकान कुठे, हे छोट्या खुणांवरून कळते. चर्चच्या जागी स्मारक चॅपेल आहे. जुन्या रेल्वे स्थानकाच्या जागी १९६७ मध्ये व्हर्दाँ स्मृतिसंग्रहालय उघडले. जवळच्या दुओमाँ अस्थिस्मारकात ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० फ्रेंच आणि जर्मन सैनिकांच्या अस्थी एकत्र ठेवल्या आहेत. तरीही सगळे सापडलेले नाहीत. २०१३ मध्ये फ्लरीच्याच जमिनीत २६ फ्रेंच सैनिकांचे सांगाडे मिळाले. त्यांतल्या काहींची नावे, जवळजवळ शंभर वर्षांनी, कळू शकली.